इथंच खायचं पुडिंग

बाईंच्या हातात काचेचं भांडं दिसलं की आमच्या स्टाफरूममधल्या निम्म्या बायकांना उपास आठवायचे. एकीला संकष्टी, एकीला गुरुवार, एकीचा दात ठणकायला लागायचा. एकीनं तर भर उन्हाळ्यात श्रावण पाळायला काढला होता. आणि मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, पोटावर हात ठेवून म्हणायच्या, "मला मेलीला शुगर आहे ना."

बाई भूगोल शिकवायच्या. काटक बांधा, कडक इस्त्रीची सुती साडी, मनगटावर नवऱ्याचं भलंमोठं घड्याळ. महिन्यातून एखाद्या दिवशी त्या रिक्षातून शाळेत यायच्या, मांडीवर ॲल्युमिनियमचं पातेलं. पातेल्यात बर्फ, बर्फात काचेचं भांडं, वर ओलं पोतं. मधल्या सुट्टीपर्यंत ते पातेलं नकाशांच्या कपाटाखाली असायचं. दर तासाला बाई येऊन भांड्याला पालथा हात लावून जायच्या, तापाच्या पोराला लावतात तसा.

घंटा झाली की पोतं निघायचं. काचेतनं थर दिसायचे. तळाला बिस्किटाचा चुरा, त्यावर चॉकलेट, त्यावर फेटलेली पांढरी साय, वर पुन्हा चॉकलेट. बाई स्टीलच्या वाट्या भरून एकेकीपुढं ठेवायच्या आणि म्हणायच्या, "चला. थंड हाय तोवर."

बस्स. 'घ्या ना', 'थोडं तरी', असला आग्रह नाही. मग कपाटाला पाठ लावून उभ्या राहायच्या आणि बघायच्या. प्रत्येक वाटीकडं बघायच्या. स्वतः खायच्या नाहीत. सगळ्यांचं खाऊन झाल्याशिवाय खात नाही म्हणायच्या, आणि सगळ्यांचं कधी व्हायचंच नाही. ती दहा मिनिटं स्टाफरूममध्ये कुणाचा घास सरळ खाली उतरायचा नाही.

सांगायला लागू नये, पण सांगते. बाई बौद्ध. त्यांच्या आजोबांनी धर्म बदलला तेव्हा बाई जन्मल्याही नव्हत्या, पण आमच्या स्टाफरूमला आजोबांच्या आधीचं सगळं तोंडपाठ होतं. तोंडावर कुणी काही बोलायचं नाही. बोललं तर भांडता तरी येतं. उपासाशी कोण भांडणार?

मी नव्व्याण्णवच्या आसपास मराठी शिकवायला त्या शाळेत लागले. पहिल्याच दिवशी बाईंनी विचारलं, "गाव कुठलं?"

"कुरुंदवाड."

"मग तू कुरुंदवाड."

बाई सगळ्यांना गावावरनं हाका मारायच्या. इंग्रजीच्या बाई म्हणजे 'सातारा', पीटीच्या बाई म्हणजे 'कागल'. मोठ्या बाईंना तोंडावर नाही, पण मागं 'मिरज'. मी एकदा विचारलं, असं का हो. म्हणाल्या, "माणसाला गाव विचारावं. आडनाव विचारून काय करायचं असतंय?"

तर माझ्यापुढं पहिली वाटी आली त्या दिवशी चॉकलेटच्या थरांमध्ये एक लालभडक थर होता. मी जैन. आमच्या घरात खाण्याच्या बाबतीत पहिला घास प्रश्नाचा असतो. मी विचारलं, "यात जेली आहे काय हो?"

सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या.

"हाय की. का?" बाई कपाटाजवळनं म्हणाल्या.

"बाजारच्या जेलीत जिलेटिन असतंय. हाडांपासनं करतात. आम्हाला चालत नाही."

"आम्हाला म्हंजे?"

"जैनांना."

बाई आल्या. माझ्यापुढची वाटी उचलली. "बरं," म्हणाल्या. "उपास झाला, दात झाला, शुगर झाली. तुझं कारण नवं हाय, कुरुंदवाड."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आमच्याकडं बायका 'करते' म्हणत नाहीत, 'करतो' म्हणतात, मी तशीच ओरडले, "म्हंजे मी बहाणा करतोय व्हय?" पण बाईंनी पाठ फिरवली होती. आणि सगळ्यात वाईट काय, तर इंग्रजीच्या बाई माझ्याकडं बघून गोड हसल्या, मी त्यांच्यातली झाल्यासारखं. त्या हसण्यानं मला रात्रभर झोप लागली नाही.

पुढच्या महिन्यात बाईंनी वाटी ठेवली आणि शेजारी एक रिकामं खोकं आपटलं. "जेली न्हाय. चायना ग्रास घातलंय. समुद्रातलं गवत हाय. वाच, नंतर खा."

मी खोकं खालीवर वाचलं. मग खाल्लं. सगळ्या बघत होत्या. खरं सांगायचं तर मला ते आवडलं नाही, आणि खोटं बोलायचा माझा स्वभाव नाही. म्हटलं, "रवाळ लागतंय. जिभेवर वाळू आल्यागत."

इंग्रजीच्या बाईंना ठसका लागला. मला वाटलं, आता वाटी डोक्यात बसते. पण बाई मोठ्यांदा हसल्या. त्यांना हसताना मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. नंतर व्हरांड्यात गाठून म्हणाल्या, "छान छान म्हणणाऱ्या बाया खात न्हाईत, ध्यानात ठेव. नावं ठेवणारी खाते."

त्यानंतर मी त्यांच्या घरी जायला लागले. शिकायला म्हणून गेले, पण बाई शिकवायच्या कमी आणि ओरडायच्या जास्त. घर शाहूपुरीत, दुकानांच्या वरच्या मजल्यावर, दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत कोनाड्यात बुद्धमूर्ती, आतल्या खोलीत फ्रीज. पुडिंगच्या दिवशी फ्रीजच्या हँडलला नवऱ्याचा पंचा बांधलेला असायचा, चांगल्या दोन गाठी मारून. फ्रीज कुणी उघडायचा नाही. काका, म्हणजे बाईंचे यजमान, एसटीत मेकॅनिक. उन्हातनं आले की त्या पंच्याकडं बघायचे आणि माठातलं पाणी घ्यायचे. मला म्हणायचे, "पावणं, आमच्या घरात फ्रीज हाय, पण त्यो आमचा न्हाय."

दूध गार असतानाच कोको त्यात घोटायचा, गरम दुधात टाकला की गाठी. चॉकलेट थेट आचेवर ठेवायचं नाही, पाण्यावर वितळवायचं. साय रात्रभर गार करून मग फेटायची, आणि फेटताना तोंड बंद. यातलं काही चुकलं तर बाई ओरडायच्या. पण थर ओतायची घाई केली तर ओरडायच्या नाहीत, हातातली पळीच काढून घ्यायच्या. "आधी खालच्याला बसू दे. खालचा बसला न्हाय तर वरचा बी बुडतोय."

एकदा अशाच ढवळता ढवळता म्हणाल्या, "पर्मनंट झालो तवा मी बेसनाचे लाडू केलते. तूप घरचं. सगळ्यांनी घेतले. वा वा म्हणाल्या. 'घरी पोरांना नेतो' म्हणून रुमालात बांधून घेतले. शाळा सुटल्यावर सायकल काढायला मागं गेलो, तर नळाजवळ कावळे जमलेते."

मी चमचा हातात धरून उभी राहिले.

"कावळ्यांनी आवडीनं खाल्ले," बाई म्हणाल्या. "तवाच ठरवलं. घरी नेता येत न्हाय असं कायतरी करायचं. इथंच खायचं, न्हायतर माझ्या तोंडावर न्हाई म्हणायचं. लाडू पदरात लपतोय. हे लपत न्हाय."

मग पातेल्याखालची आच बारीक केली आणि म्हणाल्या, "तुझं ते चायना ग्रास मी बंद केलंय. रवाळ लागतंय तुला." त्या दिवसापासून बाईंचं पुडिंग नुसत्या गारव्यावर बसायचं.

आता जे सांगायचंय ते सांगते.

दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी आम्हा सगळ्याजणींचा एकीच्या घरी चहा असायचा. बाईंची पाळी आली की ती दरवेळी पुढं जायची. कारण काय, तर "बाईंचं घर लांब पडतंय." बाईंचं घर इंग्रजीच्या बाईंच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून! ते लोडशेडिंगचे दिवस होते, दिवाळी नुकतीच झाली होती. चहाचा विषय निघाला आणि माझा तोल गेला. सगळ्यांसमोर म्हटलं, "या शनिवारी भूगोलाच्या बाईंकडं. की अजून लांबच आहे घर?"

मोठ्या बाई गडबडल्या. "हो, हो. जाऊ की," म्हणाल्या.

मला वाटलं, बाई खूश होतील. कसलं काय! त्यांनी मला जिन्यात धरलं. "तुला कुणी सांगितलतं वकिली करायला?"

"कधीतरी व्हायलाच पायजे की."

"व्हय. व्हायलाच पायजे." बाई कठड्याला टेकल्या. त्या टेकलेल्या मी कधी बघितल्या नव्हत्या. "ऐक, कुरुंदवाड. गडहिंग्लजला आपल्या शाळेची शाखा हाय. तिथं भूगोलाची जागा मोकळी हाय, आई बी तिथंच हाय. शाळेत न्हाई म्हटलं ते मी सोसलं. माझ्या घरात येऊन, माझ्या खुर्चीत बसून न्हाई म्हटलं, तर मी नाही ऱ्हायची हितं. शनिवारी भांडं भरलेलं ऱ्हायलं की सोमवारी बदली मागतो. पुरे झालं आता."

झालं. माझ्या एका वाक्यानं बाईंची अख्खी नोकरी त्या भांड्यावर येऊन बसली.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी थेट त्यांच्याकडं गेले. खालचे दोन थर पहाटेच करून ठेवले होते, छान बसले होते. साय ओतून झाली. वरचं चॉकलेट पातेल्यात तयार होतं. आणि वीज गेली. आमच्या भागाची वीज सकाळी जायची, त्या दिवशी दुपारी गेली. आम्ही वाट बघितली. येईना.

"चायना ग्रास घाला," मी म्हटलं. "ते फ्रीजशिवाय बसतंय."

"न्हाय."

"बाई, आज तरी!"

"रवाळ लागतंय तुला. न्हाय म्हंजे न्हाय."

असला हट्टी माणूस मी जन्मात बघितला नाही. मी चपला घातल्या आणि बर्फ शोधायला निघाले. कार्तिकात रसवाल्यांकडं कुठला बर्फ? साऱ्या शाहूपुरीत बर्फ मिळाला तो एका मासळीवाल्याकडं. ज्या गल्लीच्या वाऱ्यालाही मी उभी राहत नाही, तिथनं नाकाला पदर लावून बर्फाची पिशवी घेऊन आले. बाईंनी पिशवीकडं बघितलं, वास घेतला, माझ्याकडं बघितलं. "तू गेलतीस?"

"मग काय सातारा गेलती?"

बाई हसल्या नाहीत. बर्फ दुसऱ्या पातेल्यात घातला, त्यात भांडं ठेवलं, जरा वेळानं वरचं चॉकलेट ओतलं. पण बर्फ वितळत होता त्या वेगानं चॉकलेट काही घट्ट होत नव्हतं. वरचा थर सायीत उतरायला लागला होता. पांढऱ्यात तपकिरी ओघळ दिसत होते.

पाचला सगळ्या आल्या. चपला एका रांगेत काढल्या, खुर्च्यांच्या कडेकडेला बसल्या, पर्सा मांडीवर. चहा विचारला तर "आत्ताच घेऊन आलो." बशीत पुडक्यातले वेफर्स होते, ते खाल्ले. शेजारी बाईंनी केलेला चिवडा होता, त्याला बोट लागलं नाही. मी बघत होते आणि माझे कान गरम होत होते.

आणि मला आणखी एक घोर होता. मी सूर्य मावळल्यावर खात नाही. लहानपणापासनं नाही, सासरीही तेच. कार्तिकातला सूर्य, सहाला गेला की गेला. समोरच्या इमारतीवर पाण्याची टाकी होती, तिच्यावर ऊन पडलं होतं. ते ऊन टाकीवर आहे तोवरच मला खाता येणार होतं. नाहीतर आज बाईंच्या घरात मीही 'नाही' म्हणणारी ठरणार होते. ऊन टाकीच्या कडेला आलं होतं.

मी आत गेले. बाई भांड्याला हात लावून उभ्या.

"आणा की बाहेर."

"बसलं न्हाय. न बसलेला थर मी कुणापुढं ठेवत न्हाय."

तेवढ्यात इंग्रजीच्या बाई दारात डोकावल्या. "अय्या, बसलं नाही का? राहू दे हो बाई! कशाला त्रास? पुढच्या वेळी खाऊ."

बाहेरच्या खोलीत खुर्च्या हलल्याचे आवाज झाले. मी वळून बघितलं. सगळ्यांचे चेहरे कसे मोकळे झाले होते! परीक्षा रद्द झाल्यावर पोरींचे होतात तसे. कुणाला उपास आठवायला लागला नव्हता, कुणाला दात. वीज मंडळानंच सगळ्यांच्या वतीनं नाही म्हटलं होतं. इंग्रजीच्या बाईंनी पर्स खांद्याला लावली. "निघतो आता. अंधार पडेल."

"बरं," बाई म्हणाल्या. "या मग."

त्या 'बरं'मध्ये मला गडहिंग्लजची एसटी सुटलेली ऐकू आली.

मी भांडं उचललं. बाईंनी माझं मनगट धरलं. "ठेव ते. पाणी झालंय त्याचं."

"पाणी झालं तर पिऊ. सोडा!"

बाहेर येऊन मी भांडं टीपॉयवर ठेवलं आणि म्हटलं, "बसा सगळ्या. बाई, ती पर्स ठेवा खाली. माझा सूर्य मावळायला आलाय. मला आत्ता खायचंय, आणि पंगत सोडून एकटीनं खायची पद्धत आमच्यात नाही."

पळी घातली. थर कसले नि काय! सगळं एकात एक, ओघळत वाटीत पडलं. पहिली वाटी मोठ्या बाईंच्या पुढं धरली. त्यांचे हात मांडीवर. वर येईनात. मोठ्या बाईंनी माझ्याकडं बघितलं, मग माझ्या खांद्यावरनं पलीकडं, आतल्या दाराकडं बघितलं. तिथं बाई उभ्या होत्या. चौकटीला पाठ लावून, कपाटाला लावायच्या तशीच.

किती वेळ गेला देव जाणे. माझा हात अवघडला. मग मोठ्या बाईंनी वाटी घेतली. चमचा भरला. खाल्ला. गिळला.

"साखर कमी पडलीय हो," त्या म्हणाल्या.

दारातनं आवाज आला, "तुमच्या शुगरसाठीच कमी घातलीया."

मोठ्या बाईंची मान खाली गेली. पण त्यांनी दुसरा चमचा घेतला. मग मी थांबलेच नाही. भराभर वाट्या भरत गेले, हातात कोंबत गेले. कुणीतरी म्हणालं, बिस्किट फार बारीक झालंय. बाई म्हणाल्या, "दात ठणकतोय न्हवं तुमचा? म्हणून बारीक केलंय." कुणी म्हणालं, यात अंडं असतं ना. "न्हाय. तुमच्या संकष्टीसाठी काढलंय." पीटीच्या बाई हसायला लागल्या आणि मग बाकीच्या. पण हसता हसता एकदोघींचे डोळे काही वर येईनात. इतकी वर्षं आम्ही दिलेलं एकेक कारण बाईंनी खरं धरून त्या भांड्यात घातलं होतं. मला रडू फुटायचं तेवढं बाकी होतं.

इंग्रजीच्या बाईंनी वाटी घेतली नाही. "माझा खरंच शनिवार आहे हो," म्हणत दाराशी जाऊन चपला शोधायला लागल्या. जाऊ दे मेली, म्हटलं. भांड्यात शेवटची वाटी उरली होती, ती मी माझ्यासाठी भरली आणि खिडकीकडं बघितलं.

टाकीवर ऊन नव्हतं. टाकीच्या वर आभाळही करडं झालं होतं.

ज्या सूर्याच्या नावानं मी एवढा आरडाओरडा केला, तो मी वाट्या भरत असताना निघून गेला होता. सगळ्यांचे चमचे थांबले. इंग्रजीच्या बाई एका पायात चप्पल घालून तशाच उभ्या राहिल्या, बघत. सगळ्या खोलीत भरलेली वाटी आता एकच होती, ती माझ्या हातात. मी बाईंकडं बघितलं. बाई माझ्या वाटीकडं बघत होत्या. मनात म्हटलं, गेलं तर गेलं व्रत, महावीर समजून घेतील. चमचा भरला आणि उचलला.

बाईंनी येऊन वाटी काढून घेतली.

"खुळी हायस काय?" म्हणाल्या. "तुझं कारण जुनं हाय, कुरुंदवाड."

वाटी घेऊन आत गेल्या. वीज नव्हती तरी फ्रीज उघडून आत ठेवली, आणि हँडलला पंचा बांधून चांगल्या दोन गाठी मारल्या. "सकाळी सूर्य उगवला की ये," एवढं म्हणाल्या आणि रिकाम्या वाट्या गोळा करायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी उजाडल्या उजाडल्या मी गेले. दार उघडंच होतं. वीज आली होती. बाईंनी गाठी सोडल्या आणि वाटी पुढं ठेवली. पळीनं ओतलेलं, त्यामुळं थर राहिलेच नव्हते. साय, चॉकलेट, बिस्किट, सगळं एक होऊन घट्ट बसलं होतं. शिळं म्हणून माझ्या सासूनं नाक मुरडलं असतं, ते मी तिला आजतागायत सांगितलेलं नाही.

"गडहिंग्लजचं काय ठरलं?" मी विचारलं.

"आईलाच आणतो हिकडं. उन्हाळ्यात तिला गार कायतरी लागतंय."

मी खाल्लं. बाई समोर उभ्या राहून बघत होत्या. मी म्हटलं, "मोठ्या बाईंचं बरोबर होतं. साखर कमी पडलीय."

बाई खुर्ची ओढून बसल्या. फडताळातनं दुसरा चमचा घेतला आणि माझ्याच वाटीतनं एक घास उचलला. एवढी वर्षं त्यांनी ते कधी खाल्लंच नव्हतं. घास नीट जिभेवर घोळवला.

"व्हय की ग," म्हणाल्या. "कमीच पडलीया."